अकरा डब्या आणि एक बकरी

इंदोरा, नागपूर
शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९८७

सावनेरकडच्या खाणीचे सरदार, तीस माणसायचे मुखत्यार अन् आमच्या मायचं शेंडेफळ चिरंजीव आनंदराव यायले थोरली बहीण अंजनाबाईचा जयभीम अन् भरपूर आशीर्वाद.

आम्ही सारे इकडे बरे आहो. तूही बरा आहे असं लोकायकडून ऐकते, पण लोकं माझ्याबद्दलही तसंच सांगतात, म्हणून तुलेच विचारते. खोकला कसा आहे? झोप येते का? तुझ्या बायकोचे, कौशल्याचे, दात काढायचे होते ते काढले, का डॉक्टरच पळून गेला? माझी तब्येत डॉक्टर म्हणते खराब, मी म्हणते चांगली, अन् तब्येत माझी असल्यामुळं माझंच खरं धरावं. त्यानं मीठ बंद केलं, लोणचं बंद केलं, पापड बंद केला. मी म्हटलं, बाप्पा, श्वास तेवढा चालू राहू दे. तो हसला नाही. शिकलेल्या माणसायले हसायले वेळ लागते, हे मी घरातही पाहून राहिली आहे. (हे तुलेच म्हटलं, सुगत. लिही.)

तर हे पत्र तुले सुगतच्या अक्षरात दिसेल. मले लिहिता येत नाही हे तुले नव्यानं सांगायले नको. तू शाळेत जात होता तेव्हा तुझी पाटी मी शाळेच्या दारापर्यंत नेऊन द्यायची अन् तिथून गिरणीत जायची. अक्षराच्या दारापर्यंत रोज जाऊन परत आलेली बाई आहे मी. म्हणून आता मी बोलते अन् नातू लिहिते. इंजिनिअर झालेला नातू, स्कॉलरशिपवर शिकलेला, त्याले पाटावर बसवून मी माझं पत्र लिहून घेऊन राहिली, ह्याच्यात मले काय गोडी वाटते ते तुले सांगता येत नाही. (थांबू नको गा. तुझी तारीफ पुढं आहे.) पण त्यानं लिहायले बसताना एक अट घातली. म्हणे आजी, आबाजीले सोमवारबद्दल काही म्हणायचं नाही. तो तुले आबाजी म्हणते, मान ठेवते, अन् तुझ्यापाशी तोंड उघडायले लाजते. मी अट कबूल केली. सोमवारबद्दल मी काही म्हणत नाही. सोमवारी पहिल्या पाळीत तुझ्या तीसच्या तीस माणसायनं कमरेले डब्या बांधल्या नाही, तर मॅनेजर साहेब सुगतचं सारं सामान खोक्यात भरून परत पाठवणार, अन् कंपनी त्याले हैदराबादले टी.व्ही. दुरुस्त करायले बसवणार, ह्याच्याबद्दल मी एक शब्द काढणार नाही. (लिहिलं का? लिहिलं. बघ आनंदा, किती गुणी पोट्टा आहे.)

तो तुझ्या खाणीत काय बसवून राहिला हे तुले माहीत आहे. पण हे पत्र कौशल्या वाचून घेईल, अन् कौशल्याच्या मागून सारी कॉलनी, म्हणून नीट सांगते. साबणाच्या वडीएवढी एक डबी असते. ती माणसाच्या पट्ट्याले बांधायची. ती डबी आपला नंबर सारखा बोलत राहते, पण माणसाच्या कानाले ते ऐकू येत नाही. खाणीत जिथं जिथं वाट वळते तिथं तारेचं एक वेढं टांगलं आहे, त्याले ते ऐकू येते. तिथून तार निघते ती वर जमिनीवर, मॅनेजरच्या खोलीत, एका मोठ्या बोर्डात. बोर्डावर खाणीचा नकाशा, नकाशावर बारा जागा, अन् एकेका जागेले तीस बारीक लाल दिवे, माणसामागं एक. पाच नंबरचा माणूस पंपापाशी गेला की पंपापाशी पाचवा दिवा लागला. पुढच्या वळणावर गेला की हा विझला अन् तो लागला. म्हणजे जमिनीच्या पोटात कोण कुठं आहे, हे वर खुर्चीत बसून त्याच घडीले कळते. मले हे दोनदा सांगितल्यावर समजलं. कंपनीच्या हैदराबादच्या मोठ्या साहेबाले तीनदा सांगावं लागलं होतं असं सुगतच म्हणाला. (खोडू नको. लिहिलेलं राहू दे.)

आता त्या साहेबाचीच गोष्ट. खाणीत बसवायच्या आधी सुगतनं हे सारं आमच्या घरी करून पाहिलं. आमचं घर म्हणजे पुढची खोली, रांधणी, आंगण अन् बकरीचा कोठा. चारही जागी त्यानं तारेची वेढी टांगली, बोर्ड ट्रंकेवर ठेवला. आता डबी बांधायले माणूस पाहिजे. बाप रेल्वेच्या ड्यूटीवर, आई कामात, तर म्हणे आजी रिकामी आहे, म्हातारं माणूस, जाऊन जाऊन जाणार कुठं. अशा तऱ्हेनं एक नंबरची डबी माझ्या कमरेले आली. पहिल्या दिवशी मी मोठ्या ठसक्यात घरभर फिरले. दुसऱ्या दिवशी कळलं की हा काही दागिना नाही. रांधणीत कोपऱ्यात लोणच्याची बरणी आहे. मी तिथं पोचते न पोचते तोच पुढच्या खोलीतून प्रेमिलाचा आवाज आला, आत्याबाई, काही पाहिजे का? (प्रेमिला म्हणजे माझी सून, सुगतची आई. तुले माहीत आहे, पण पत्र कसं नीट असावं.) ती बोर्डासमोर बसून तांदूळ निवडून राहिली होती. सकाळपासून तोच तांदूळ. जेलातला पहारेकरीही मधात डुलकी घेते, पण सुनेच्या हाती बोर्ड आला तर तिची झोपच जाते.

तिसऱ्या दिवशी मले शेजारी यमुताईकडे जायचं होतं. तिच्याकडे नवी टी.व्ही. आली आहे, अन् तिच्या लोणच्यात मीठ असते. मी कोठ्यात गेले, डबी सोडली, बकरीच्या गळ्यात बांधली, तिच्यापुढं पाला टाकला अन् मागच्या भिंतीच्या खिंडारातून निघून गेले. बोर्डावर आजी कोठ्यात. प्रेमिलाले वाटलं, म्हातारी बकरीशी बोलत बसली. तसं मी बसतेच कधी कधी, बकरी मधात बोलत नाही हा तिचा गुण आहे. पण नेमका त्याच दिवशी हैदराबादचा मोठा साहेब काम पाहायले घरी आला. सुगतनं त्याले बोर्डासमोर खुर्ची दिली अन् समजवायले लागला. साहेब, ही माझी आजी, आता कोठ्यात आहे. तेवढ्यात बकरीनं पाला संपवला अन् खुंटा उपटला. साहेब, पाहा, दिवा हलला, आजी आंगणात आली. आता रांधणीत गेली. रांधणीत ती जरा जास्त वेळ थांबली (माझ्या चौदा पोळ्या गेल्या). आता इकडेच येऊन राहिली साहेब, दाराकडे पाहा. साहेब भला माणूस, घरचं वडीलधारं येते म्हणून उठून उभा राहिला अन् त्यानं हात जोडले. अन् पडदा सारून बकरी आत आली. तिच्या तोंडात शेवटची पोळी होती. साहेबानं जोडलेले हात खाली घ्यायले बराच उशीर केला असं प्रेमिला सांगते.

मी हे सारं यमुताईच्या आंगणातून ऐकून राहिली होती. वाटलं, पोट्ट्याची नोकरी गेली. पण साहेब खुर्चीत बसला अन् इतका हसला की चष्मा पुसावा लागला. म्हणाला, मिस्टर सुगत, मशीन बरोबर आहे, आजी चूक आहे. मग बकरीच्याच दुधाचा चहा पिऊन गेला अन् सुगतले सावनेरचं काम देऊन गेला. म्हणजे खरं पाहिलं तर हे काम त्याले बकरीनं मिळवून दिलं, कॉलेजनं नाही. (चेहरा पाडू नको. कॉलेजचंही थोडं लिही.)

खाणीत त्याचे काय हाल झाले ते तुनं डोळ्यानं पाहिले. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट अन् इस्त्रीचा पँट घालून गेला. घरी आला तेव्हा प्रेमिलानं दारातून विचारलं, कोण पाहिजे? तू त्याले सांगितलं होतं की आत वाकून चाल, पण इंजिनिअरच्या कॉलेजात वाकायचं शिकवत नाहीत, म्हणून तीन टेंगळं घेऊन आला, तिन्ही एकाच जागी. महिनाभर पाण्यात उभा राहून तारा ओढल्या. त्या तारा उंदरायनं कुरतडल्या. त्यानं पुन्हा ओढल्या, त्यायनं पुन्हा कुरतडल्या. मी म्हटलं, शेरभर मिरच्यायचा ठेचा करून देते, तारेले चोपड. त्यानं चोपडला. उंदीर दोन दिवसात गेले, हे मशीनच्या पुस्तकात नाही, पुढच्या वेळी छापतील. फक्त चोपडून झाल्यावर त्यानं त्याच हातानं डोळे पुसले, अन् बाराव्या वळणापासून तर वरपर्यंत तुझ्याच एका माणसानं त्याले हात धरून आणलं. कोण गा तो, धोंडबा का? त्याले माझा आशीर्वाद सांग. सुगत म्हणते, धोंडबानं सारी वाट एकच गोष्ट विचारली, की बाबू, मिरची कोणत्या बाजारातली होती.

अन् ह्याच धोंडबानं दुसऱ्या दिवशी डबी बांधायले नाही म्हटलं. त्याच्यामागं साऱ्यायनं. आता मी तुझ्या माणसायच्या विरोधात बोलत नाही, मी दोन दिवस डबी बांधून पाहिली आहे. त्यायचं म्हणणं सुगतनं मले जसंच्या तसं सांगितलं. म्हणतात, आम्ही घमेलं खाली ठेवून दोन घडी बसलो, चिमूटभर तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला, की वर मॅनेजरच्या खोलीत दिवा चुगली करणार. बैलाच्या गळ्यात घंटी असते ती बैलाच्या सोयीची नसते. सुगत त्यायले समजवते की ही डबी बसणं मोजायले नाही, छत पडलं तर शोधायले आहे. ते म्हणतात, छत रोज पडत नाही, मॅनेजर रोज असते. शिकलेला माणूस अडला की नकाशा दाखवते. सुगतनं नकाशा दाखवला.

मग आली मागच्या महिन्याची वीस तारीख, मंगळवार. तू तेव्हा खाली होता, वर काय झालं ते तुले कोणी सरळ सांगितलं नसेल, म्हणून सांगते. त्या दिवशी अकराच डब्या तयार होत्या. तुनं अन् तुझ्या दहा माणसायनं लगेच हात पुढं करून घेतल्या, सुगतले वाटलं, जमलं. तो बोर्डासमोर बसला, मॅनेजर साहेब बाजूले बसला, चहा आला. अकरा दिवे खाली उतरले, पहिलं वळण, दुसरं वळण, अन् जाऊन पंपापाशी थांबले. थांबले ते थांबलेच. एक तास गेला. साहेब म्हणाला, पंपापाशी काही काम आहे का? पंप म्हणजे खाणीतली सगळ्यात खोल जागा, सारं पाणी तिथं जमा होते, अकरा माणसायचं तिथं काम काय? दोन तास गेले. एकही दिवा इंचभर हलला नाही. साहेबानं खालच्या टेलिफोनची घंटी वाजवली. टेलिफोन पंपापाशीच, तो कोणी उचलला नाही. तेव्हा साहेबानं चहाचा कप बशीत ठेवायच्या जागी फायलीवर ठेवला अन् भोंगा वाजवला. बचाववाले पाठीवर हवेच्या टाक्या बांधून पळत खाली गेले. पाहतात तर अकरा डब्या सुतळीत ओवून पंपाच्या पाइपाले टांगलेल्या, दाराच्या तोरणासारख्या. अन् तू अन् तुझी माणसं तिथून तीनशे पावलावर आरामात कोळसा भरून राहिले होते. तुनं म्हणे त्यायले विचारलं, कोण मेलं गा?

सुगत म्हणते, आजी, ह्याच्यात हसण्यासारखं काही नाही. मी हसून राहिली नाही. (आता हसली, पण ते पत्रात लिहायचं काम नाही.) मॅनेजर साहेबानं मात्र तेव्हाच सांगितलं, आणखी एक पाळी, नऊ तारीख, सोमवार, तीस डब्या तीस माणसायच्या कमरेले, अन् सरदाराच्या वहीत जो जिथं लिहिलेला तो तिथंच बोर्डावर दिसला पाहिजे. नाही तर गुंडाळा. म्हणजे वही तुझी, माणसं तुझी, अन् नातू माझा. पण मी सोमवारबद्दल बोलत नाही, म्हणून इथंच थांबते.

सुगतच्या हाती जवसाची चटणी पाठवली आहे, मिठाची आहे, म्हणून तुमच्याकडे पाठवली, इथं राहिली तर माझ्यावर आळ येईल. कौशल्याले मऊ पडेल. कौशल्याच्या भाचीचं, लतिकाचं, बेसा गावाले सासरी चांगलं चाललं आहे असं कळलं, बरं वाटलं. पोराबाळायले आशीर्वाद. तू स्वतःले जप.

तुझी थोरली बहीण
अंजनाबाई (खाली अंगठा माझा आहे, शाईचा दुसरा डाग सुगतचा)

ता.क. आनंदा, आता अक्षर बदललं असेल. सुगत जरीपटक्याच्या बाजारात स्क्रू आणायले गेला आहे, तासभर येत नाही. मी प्रेमिलाले बसवलं आहे. तिचं अक्षर मोठं आहे अन् ती सातवी पास आहे, पण अट तिनं घातलेली नाही. पत्र आम्ही शितानं चिकटवून ठेवू, सुगतले ह्याच्यातलं काही माहीत नाही, अन् आत्ता तू हे वाचून राहिला तेव्हा तो तुझ्यासमोरच बसला असेल. चेहरा बदलू नको. चटणीबद्दल काहीतरी बोल.

आधी माझं पाप सांगते. बकरीच्या गळ्यात डबी बांधायची अक्कल माझी, ती तुले सांगितली कोणी? मीच. लतिकाच्या लग्नात, बेसाले, पंगतीत तुझ्या शेजारी बसून. तू इतका हसला की ठसका लागला, मले वाटलं, चला, भावाले हसवलं. अन् पंधरा दिवसानं अकरा डब्या पाइपाले. तेव्हा तुझ्यावर रागावायचा मले हक्क नाही. पोट्ट्याचं काम तू बुडवलं नाही, मी बुडवलं, अन् तुझ्या हातानं बुडवलं.

पण भोंगा वाजला तेव्हाचं एक वरच्या पत्रात आलं नाही, कारण ते सुगत लिहिणार नाही, अन् कौशल्यानं तुले सांगितलं नसेल हे मी अंगठा लावून सांगते. भोंगा ऐकून कॉलनीतल्या बाया फाटकावर पळत आल्या. कौशल्या पायात काही न घालता आली, हाताले कणीक. सुगतनं तिले खिडकीतून पाहिलं अन् धावत बाहेर गेला. तिले म्हणाला, आजी, घाबरू नका, आबाजी पंपापाशी आहेत, मले दिसून राहिलं. तो दिलासा द्यायले म्हणाला. कौशल्या खाणकामवाल्याची बायको, तिले पंप म्हणजे काय ते माहीत. ती तिथंच मातीत बसली. घडीभरानं कळलं की पंपापाशी सुतळी आहे. मग सारे हसले, कौशल्याही हसली, घरी जाऊन तिनं तुले पोळी वाढली. पण सुगत त्या दिवशी इकडे आला अन् जेवला नाही. मले म्हणाला, आजी, मी त्यायले खोटं सांगितलं. मी म्हटलं, तुनं नाही सांगितलं, डबीनं सांगितलं. तो म्हणाला, डबी माझी आहे. तेव्हापासून तो सामान गुंडाळायच्या गोष्टी करून राहिला. नोकरीच्या भीतीनं नाही आनंदा. हैदराबादले पगार जास्त आहे.

फाटकावर मीही उभी राहिलेली बाई आहे. (प्रेमिला, थांबू नको वं, लिही.) छिंदवाड्याकडच्या जुन्या खाणीत छत पडलं तेव्हाचं तुले आठवते, पण तुले खालचं आठवते, मले वरचं. दोन दिवस मी फाटकाचा गज धरून उभी होते. आत तुझे भाऊजी, रामाजी, होते. कोणी म्हणे तिसऱ्या गल्लीत, कोणी म्हणे पाचव्या. तुले कोणीतरी तिसरी सांगितली अन् तुनं दोन दिवस तिसरी खणली, हाताची सारी नखं गेली तुझी. अन् रामाजी तिसऱ्या गल्लीत नव्हताच. जोडीदाराशी तंबाखूवरून भांडून तो सकाळीच पलीकडच्या बाजूले गेला होता, तिकडे वाट बंद झाली म्हणून दोघं-तिघं मिळून जुन्या रस्त्यानं चाचपडत फिरले, अन् तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच तोंडातून चालत बाहेर आले. येऊन मलेच विचारते, एवढी गर्दी कशाची आहे? मी त्याले पहिले चप्पल फेकून मारली, मग रडले. त्याच्यानंतर तो वीस वर्षं जगला अन् घरच्या खाटेवर गेला, वरण आळणी आहे म्हणत म्हणत. पण त्या दोन दिवसात मी अन् तू म्हातारे झालो ते झालोच. तिथं एक लाल दिवा असता तर तुनं तिसरी गल्ली खणली नसती. एवढंच माझं म्हणणं आहे. मशीन चांगलं का वाईट, मले कळत नाही.

अन् तुझ्या माणसायचं म्हणणंही मी सुगतच्या कानावर घातलं. त्याले विचारलं, हा बोर्ड मॅनेजरच्या खोलीत काहून आहे? तो म्हणाला, तिथं पंखा आहे. मी म्हटलं, पंखा मॅनेजरले पाहिजे का बोर्डाले? तिसऱ्या दिवशी तो मॅनेजर साहेबापाशी गेला. आता बोर्ड लॅम्प रूममध्ये, जिथून तुम्ही सारे दिवे घेता त्या खिडकीच्या वर लावला आहे, फाटकावरून बायायले दिसेल असा. अन् कोण किती बसला ह्याचा कागद निघणार नाही, हे साहेबानं लिहून दिलं आहे, सुगतच्या खिशात आहे, माग त्याले. तो स्वतः दाखवणार नाही, त्याले वाटते की तुझ्यावर दबाव येईल. दबाव मी आणते, ते माझं काम आहे.

तर मागणं हे. सोमवारी खिडकीपाशी सगळ्यायच्या आधी तू डबी घे अन् सगळ्यायदेखत कमरेले बांध. काही भाषण नको. तुनं बांधली की धोंडबा बांधेल, धोंडबानं बांधली की बाकीचे काय करतात ते तुले माहीत आहे. नाही बांधायची असेल तरी चालेल, पण मग ती हातात घेऊ नको. माणसाच्या ठिकाणी सुतळी नको, एवढं मी सुगतसाठी नाही, कौशल्यासाठी मागते.

आणखी एक, मग चिकटवतो. सोमवारी मी येऊन राहिली. सुगतले अजून सांगितलं नाही, सकाळच्या पहिल्या एस.टी.त त्याच्या मागच्या सीटवर बसून जाईन, तो वळून पाहील तेव्हा पाटणसावंगी गाव मागं गेलेलं असेल. प्रेमिलानं मॅनेजर साहेबाले कार्ड टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं, म्हणते, बाईले खाली जाऊ द्यायचा कायदा नाही, वर लॅम्प रूममध्ये स्टूल देतो. स्टूल पुरे आहे. बोर्ड मले वाचता येते आनंदा. अक्षर काही मले आलं नाही, पण सुगतनं दिवे शिकवले, डाव्या हाताकडून मोजायचे. तुझा नंबर सात. सकाळी सातच्या भोंग्यापासून मी त्या सातव्या दिव्याकडे पाहत बसेन, कौशल्यालेही जवळ बोलावीन. तो पुढं पुढं सरकला की समजू, तू चालून राहिला. अन् एखाद्या वळणावर जास्त वेळ थांबला तर समजू, बसला असेल तोंडात चिमूट टाकून. आरामानं बस. साहेबानं विचारलं तर मी सांगते, सरदार काठीनं छत ठोकून पक्कं आहे का ते पाहून राहिले, त्यायले घाई करू नका.